दाराआडचं वाक्य

१

काकूंचा निरोपाचा प्रसंग जेवणाच्या सुट्टीत नाहीसा झाला.

सकाळी तो प्रेक्षकांसमोर चित्रित झाला होता. सुट्टीनंतर संकलक जेवून परत आला, खुर्ची पुढे ओढून बसला, तर पडद्यावर बाकी सगळे प्रसंग जागच्या जागी होते आणि हा एकच नव्हता. खोडलेल्या गोष्टी जिथे जाऊन पडतात ती जागाही कोणीतरी साफ केली होती. दुसरी प्रत संध्याकाळी काढायची पद्धत होती, त्यामुळे ती मुळात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी वाहिनीने चौकशी विभागातल्या बाईंना पाठवलं. त्या अर्ध्या पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या आणि समोरचा बोलायचा थांबला तरी घाई न करणाऱ्या. सेटवर त्यांचं नाव तासाभरात 'चौकशीबाई' पडलं.

"चोर कोण ते मी आत्ताच सांगतो," निर्माता म्हणाला. "तुम्ही फक्त शिक्का मारा."

"आधी काय गेलं ते सांगा."

निर्मात्याने सांगितलं. मालिका विनोदी होती. एक घर, एक दिवाणखाना, आणि त्यात वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडणारे काका-काकू. खऱ्या आयुष्यात दोघांचं काही नातं नव्हतं, पण सेटवर चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे त्यांना काका आणि काकूच म्हणत. आता काकू मालिका सोडत होत्या. सोडत होत्या म्हणजे त्यांना काढलं होतं.

"काकांनी निर्वाणीचं सांगितलं, एक तर ती, नाही तर मी. त्यांचं बरोबर होतं. बाई त्यांची वाक्यं खायची. ते तोंड उघडायच्या आत ही त्यांचं वाक्य बोलून मोकळी. लोक हसायचे, म्हणून वर्षभर चालवून घेतलं. पण मालिका काकांवर चालते, मॅडम."

"आणि निरोपाचा प्रसंग?"

"काकू बॅग घेऊन बहिणीकडे राहायला निघतात. दार बंद होतं. मग काका एकटे बंद दाराशी बोलतात, पानभर. हा प्रसंग कुठेही न कापता दाखवणार अशी जाहिरात केलीय आम्ही. काल काकांनी काय सुरुवात केली होती. दोन वाक्यं बोलले आणि थांबले. इतका मोठा विराम घ्यायची छाती मी कोणाची पाहिली नाही. अख्खं सभागृह गप्प. आणि तेवढ्यात दाराआडून हिचा आवाज."

"काय म्हणाल्या?"

"'दार उघडं ठेवतो म्हणा.' काकांचं पुढचं वाक्य होतं ते. लोक हसून लोळले आणि प्रसंगाची माती झाली. जाता जाताही खाल्लंन."

"प्रसंग त्यांनी बिघडवला. मग तो खोडला कशाला?"

"फेरचित्रण करावं लागेल म्हणून. म्हणजे हिला आणखी एक भाग, आणखी एक महिना. बाईला जायचंच नाहीये. आणि तिला संकलनाच्या बोळातून बाहेर येताना पाहणारा साक्षीदार आहे माझ्याकडे."

"कोण?"

"खुद्द काका," निर्माता म्हणाला.

२

काकू आपल्या खोलीत सामान भरत होत्या. आरशाच्या कडेला चिकटवलेले फोटो काढून झाले होते, आणि त्यांच्या जागी चिकटपट्टीचे चौकोन राहिले होते.

"बसा बाई. खुर्ची डुगडुगते, जपून."

"तुम्हाला जायचं नाही असं निर्माते म्हणतात."

"मला कधीचं जायचंय." काकूंनी एक शाल घडी करून बॅगेत दाबली. "दुसऱ्या वाहिनीवर काम मिळालंय. न्यायाधीशाचं. मुख्य भूमिका. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची बायको नाहीये, बहीण नाही, वहिनी नाही. या आठवड्यात सही आहे."

"मग चांगलंच झालं."

"होतं. काल संध्याकाळी इथल्या साहेबांनी वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं की माझ्यावर चौकशी बसलीय. आज सकाळी तिकडून फोन. म्हणाले, आधी तुमचं नाव स्वच्छ करून आणा, मग सही करू."

"सुट्टीत तुम्ही संकलनाच्या बोळात होतात?"

"होते."

"कशाला?"

काकूंनी बॅगेची चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली. त्या चेनशी झटापट करत राहिल्या, आणि चौकशीबाई थांबल्या.

"कोणाला तरी शोधत होते," शेवटी काकू म्हणाल्या.

"कोणाला?"

"बाई, मी ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही आणखी एक वाक्य खातेय."



३

लेखक सेटच्या मागे, लाकडी भिंतींच्या टेकूपाशी सिगारेट ओढत होता.

"मी कशाला खोडू? मला तर काकूंना मारायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे गोष्टीत. अपघात, एक भाग रडारड, पुढच्या भागात नवी सुरुवात. मेलेलं पात्र परत पैसे वाढवून मागत नाही. निर्माते नको म्हणाले."

"पात्रं घालवण्याचा अनुभव बराच दिसतो."

"बाई, या घरातला मुलगा तिसरा आहे. पहिल्याने लग्न केलं, दुसऱ्याने सिनेमा केला. दुसऱ्याला परदेशी पाठवला आणि तिसरा परत आला. उंची वीतभर वाढली, नाक बदललं, आईने एका शब्दाने विचारलं नाही. सून तर एकदा भाजी आणायला गेली ती गेलीच. आजोबा वारले तेव्हा त्यांचं 'आलो रे' आणि 'कोण आहे' आमच्याकडे मुद्रित होतं, तेवढ्यावर त्यांना आतल्या खोलीत दोन वर्षं जगवलं. लोक पत्रं पाठवायचे, आजोबांची तब्येत कशी आहे."

"आणि काकू काकांचं वाक्य आधीच बोलतात, हा विनोद तुमचाच?"

लेखकाने सिगारेट विझवली. "लोकांना तसं वाटतं आणि मी नाही म्हणत नाही. खरं तर तो त्यांनी सेटवर सुरू केला. गेल्या वर्षी एका प्रसंगात एकदम काकांचं वाक्य बोलून गेल्या. मी चिडलो. पण हशा इतका आला की पुढच्या भागापासून मीच लिहायला लागलो. बायको बोलू देत नाही. घराघरात ओळखीची गोष्ट."

"त्याआधीची इतकी वर्षं त्यांनी कधी वाक्य खाल्लं होतं?"

"कधीच नाही," लेखक म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "त्या तर दुसऱ्याच्या वाक्यावर खोकायच्याही नाहीत."

संकलकाची खोली बोळाच्या टोकाला होती. दाराची कडी मोडलेली, ती कधीची मोडलेली हे कोणालाच आठवत नव्हतं.

"मशीन चालू ठेवूनच जेवायला जातो मी," संकलक म्हणाला. "बंद केलं तर परत सुरू व्हायला वेळ लागतो. चूक झाली, मान्य."

"इथे येऊन बसायची सवय कोणाला?"

"येतात सगळेच. निर्माते येतात ओरडायला. लेखक येतो आपले विनोद मोजायला. काका येतात आपले चेहरे निवडायला. काकू तेवढ्या येत नाहीत. म्हणतात, स्वतःला बघवत नाही."

"प्रसंगाचं काहीच उरलं नाही?"

"चित्र गेलं, नटांचे आवाज गेले. हशा आहे."

"हशा?"

"प्रेक्षकांचा आवाज वेगळा मुद्रित होतो, प्रेक्षकांच्या वर छताला टांगलेल्या माइकवर. त्याचा साठा वेगळ्या यंत्रात राहतो. एखाद्या विनोदाला कोणी हसलं नाही तर दुसऱ्या विनोदाचं हसू तिथे लावता येतं. त्याला कोणी हात लावला नाही. नुसत्या हशाचं कोण काय करणार?"

"काढून ठेवा," चौकशीबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षभरातला सगळा."

४

काका मेकअपच्या खोलीत आरशासमोर होते. प्रसन्न, ताठ, आवाज भरदार. उठून नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली.

"या, या. दुर्दैवी प्रकार. मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. गुणी बाई. पण असुरक्षित."

"सुट्टीत तुम्ही कुठे होता?"

"इथे. मेकअपच्या खोलीत. डोळे मिटून पडलो होतो." उत्तर तयार होतं. एकही शब्द इकडेतिकडे नव्हता. "प्रसंग जड होता. मी थकलो होतो."

"प्रसंगात तुम्ही मोठा विराम घेतला म्हणे."

"विराम हाच अभिनय असतो, बाई. नवी मुलं बडबडतात. मी थांबतो. आणि तेवढ्यात ती." त्यांनी हात उडवला. "जाऊ द्या. मी तिला माफ केलंय."

"तुम्ही त्यांना बोळातून येताना पाहिलंत?"

"पाहिलं ना. संकलनाच्या खोलीकडून येत होती. चेहरा असा पडलेला. मला बघून दचकली."

चौकशीबाईंनी खोलीवर नजर फिरवली. एक दार, तेही सेटकडे उघडणारं. खिडकी नाही. संकलनाचा बोळ इमारतीच्या दुसऱ्या अंगाला होता, मध्ये सगळा सेट.

"आणि मग?"

काका बोलायला लागले आणि थांबले. ओठ हलले. नजर डावीकडे गेली, रिकाम्या खुर्चीकडे, आणि क्षणभर तिथेच राहिली.

"मग काय," ते हसून म्हणाले, "मग तुम्ही आलात."

५

संकलकाने हशाचा साठा लावून दिला आणि निघून गेला. चौकशीबाई हेडफोन लावून बसल्या. छताच्या माइकवर नटांचे शब्द पुसट येत होते, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसे. पण हशा, खोकला, खुर्च्यांची करकर स्वच्छ होती.

निरोपाचा प्रसंग. काकांची दोन वाक्यं पुसट. मग काही नाही. कोणीतरी घसा साफ केला. खुर्ची वाजली. एक बाई कुजबुजली. तरी काही नाही. मग दुरून, दाराआडून, "दार उघडं ठेवतो म्हणा." मग हशा फुटला.

त्यांनी गेल्या महिन्याचा भाग लावला. काका बोलतात, शांतता, काकू बोलतात, हशा. त्याआधीचा लावला. शांतता, काकू, हशा. पुन्हा तेच.

त्यांनी संकलकाला बोलावलं. "ही शांतता मालिकेत दिसत नाही."

"कशी दिसेल? मी कापतो. विनोदी मालिका आहे, कोणी क्षणभर गप्प बसलं की लोक दुसरी वाहिनी लावतात. काकांचं तोंड उघडलं, की कट करून काकूंचं वाक्य. म्हणून तर ते पटकन येतं."

"म्हणजे घरी बघणाऱ्याला वाटतं, काकू त्यांना बोलू देत नाहीत."

"तोच तर विनोद आहे."

"आणि हा शेवटचा प्रसंग न कापता जाणार होता."

 संकलकाने एक जुना भाग लावला, मग आणखी एक, आणि उभ्या उभ्याच ऐकत राहिला.

"ज्याला दुसऱ्याचं वाक्य खायचंय तो वाट बघत नाही," चौकशीबाई म्हणाल्या. "काकू दर वेळी वाट बघतात. काकांना आठवेल म्हणून थांबतात, आणि आठवत नाही असं दिसलं की देतात."

"वर्षभर मी..." संकलकाने यंत्र बंद केलं. "वर्षभर मीच कापत होतो ते."

"सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा," चौकशीबाई म्हणाल्या. "सेटवरच्या."

६

सेटवरचे दिवे अर्धेच लावले होते. काका सोफ्याच्या उजव्या टोकाला बसले, काकू डाव्या. दोघांनाही कोणी तिथे बसायला सांगितलं नव्हतं. निर्माता आणि लेखक समोर उभे राहिले.

"लवकर उरका," निर्माता म्हणाला. "फेरचित्रणाचं ठरवायचंय."

"काका, काल दुपारचं परत सांगा," चौकशीबाई म्हणाल्या. "पण उलट. प्रसंग नाहीसा झाल्याची ओरड झाली, तिथून मागे या. ओरड व्हायच्या आधी तुम्ही कुठे होता?"

काकांनी तोंड उघडलं.

सेट शांत झाला. काकांचे ओठ हलले, हात गुडघ्यावरून उठला आणि हवेत राहिला. नजर डावीकडे वळली. निर्माता कौतुकाने बघत होता. त्याला तो विराम वाटला. लेखकाला वाटला नाही. त्याने मान खाली घातली.

"मेकअपच्या खोलीत," काकू हळूच म्हणाल्या.

"मेकअपच्या खोलीत," काका लगेच म्हणाले. "डोळे मिटून पडलो होतो."

कोणी हसलं नाही.

"काकू," चौकशीबाईंनी विचारलं, "त्यांनी मला काय उत्तर दिलं ते तुम्हाला कसं माहीत? तेव्हा तुम्ही त्या खोलीत नव्हता."

काकूंचा हात तोंडावर गेला.

"मीच सांगते," चौकशीबाई म्हणाल्या. "काका, तुमच्या साक्षीत दोन वाक्यं आहेत. मेकअपच्या खोलीत डोळे मिटून पडलो होतो, हे एक. काकूंना संकलनाच्या बोळात पाहिलं, हे दुसरं. ती खोली एका टोकाला, बोळ दुसऱ्या टोकाला. डोळे मिटलेल्या माणसाला इमारतीपलीकडचं कसं दिसलं? दोन्ही वाक्यं एका माणसाची नाहीत. पहिलं कोणीतरी पढवलेलं, म्हणून ते न अडखळता आलं. दुसरं तुमचं स्वतःचं. तुम्ही काकूंना बोळात पाहिलंत, कारण तुम्ही बोळात होता."

"काय बोलताय तुम्ही?" निर्माता म्हणाला. "काका, सांगा ना यांना."

काका काकूंकडे बघत राहिले. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

"सांगा काकू," चौकशीबाई म्हणाल्या. "कोणाला शोधत होतात?"

"यांना." काकूंचा आवाज सपाट होता. "सुट्टीत हे चुकतात. मेकअपला म्हणून निघतात आणि भलतीकडे जातात. मी रोज बघते, पोचले का. काल दिसले नाहीत. बोळात गेले तर हे संकलनाच्या खोलीतून बाहेर. म्हणाले, 'घालवला एकदाचा. आता कोणाला दिसणार नाही.' मग म्हणाले, 'कोणी विचारलं तर काय सांगू?' मी म्हटलं, मेकअपच्या खोलीत होतो म्हणा, डोळे मिटून. दोनदा म्हणून घेतलं."

"आणि संध्याकाळी त्यांनी तुमचं नाव घेतलं."

"ते माझ्या वाक्यात नव्हतं," काकू म्हणाल्या.

निर्माता खुर्चीत बसला. "काका?"

काका ताठ झाले. भरदार आवाज परत आला, पण कडा निघालेल्या होत्या. "तो प्रसंग तसाच्या तसा गेला असता तर सगळ्या गावाने बघितलं असतं मला, दारासमोर... तसं. तुम्ही उद्या दुसरा काका आणला असता. तिसरा मुलगा आणलात तसा."

"पण यांचं नाव का?" लेखकाने विचारलं.

"ती तर जाणारच होती," काका म्हणाले.

७

निर्माता आधी सावरला. त्याचं काम ते होतं.

"मॅडम, अहवालात तांत्रिक बिघाड लिहा. कोणाचाच दोष नाही. सगळे सुटले."

"तांत्रिक बिघाडाने माझं नाव स्वच्छ होत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही पेपरात चौकशी छापून आणलीत. बिघाड म्हटलं तर लोक म्हणतील, दाबलं."

"बाई, आजारी माणूस आहे तो."

"वर्षभर मला ते माहीत होतं. तुम्हाला आत्ता कळलं." त्या चौकशीबाईंकडे वळल्या. "झालं तसं लिहा. कोणी खोडलं, का खोडलं, नाव घालून."

"अगं," काका म्हणाले. पुढे काही आलं नाही. ते थांबले, डावीकडे बघत.

काकू उठल्या. "अहो, एवढं तरी तुमचं तुम्ही बोला," त्या म्हणाल्या, आणि सेटवरून खाली उतरल्या.

चौकशीबाईंनी झालं तसं लिहिलं. वाहिनीने ते दोन ओळींत प्रसिद्ध केलं. काकू निर्दोष, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं.

त्या दोन ओळी कोणी वाचल्या नाहीत. लोकांनी काकांचा आजार वाचला. काकांच्या दाराशी गर्दी झाली, पत्रांच्या पिशव्या आल्या. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काम केलं त्या आजारी माणसाला चव्हाट्यावर आणणारी बाई कशी असेल, यावर बरीच चर्चा झाली.

महिन्याभराने चौकशीबाई काकूंकडे गेल्या. काम काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. टीव्ही चालू होता, आवाज बंद केलेला.

"न्यायाधीशाचं काय झालं?"

"दुसरी घेतली. म्हणाले, तुमची चूक नाही हो, पण लोकांना तुमच्यात दया दिसणार नाही. न्यायाधीशाला दया लागते म्हणे. मला माहीत नव्हतं." काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. "बसा, सुरू होईल आता."

पडद्यावर तोच दिवाणखाना आला. सोफ्याच्या उजव्या टोकाला काका. डाव्या टोकाला नवी बाई, काकूंसारखीच साडी, काकूंसारखाच अंबाडा. लेखकाने काकांना विसराळू करून टाकलं होतं. चष्मा डोक्यावर असताना शोधतात, जावयाला प्लंबर समजतात. मालिका पूर्वी कधी नव्हती इतकी वर गेली होती. काकांनी तोंड उघडलं आणि ते अडले. आता संकलक ते कापत नव्हता. काकांचे डोळे भिरभिरले, हात उठला. मग नवी बाई काही तरी बोलली, आणि आवाज बंद असूनही हशा कुठे आला ते कळलं.

"उशिरा देते," काकू म्हणाल्या. "तिला कळत नाही, कुठवर थांबायचं. तोवर ते घाबरतात. बघा, खरंच घाबरलेत. लोकांना वाटतं अभिनय."

"तुम्ही रोज बघता?"

"बघते." त्यांनी टीव्ही बंद केला नाही. "परवा साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, झालं गेलं विसरा, येऊन तिला जरा शिकवून जा, वाक्य केव्हा द्यायचं ते. काकांच्या भल्यासाठी."

"जाणार?"

"मी म्हटलं, येते. पण शेवटी सगळ्यांची नावं पडद्यावर येतात ना, त्यात माझं घाला. काम काय केलं तेही लिहा. काकांना वाक्यं देणारी. गेल्या वर्षाचंही लिहा."

"काय म्हणाले?"

"विचार करून सांगतो म्हणाले." पडद्यावर काका पुन्हा अडले होते. काकूंचे ओठ किंचित हलले आणि त्यांनी ते घट्ट मिटून घेतले. "अजून विचार करतायत."